थंडीचा रकाना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे २०२४ पासून ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो त्या जिल्ह्यातल्या, एका तालुक्याच्या गावी मी साप्ताहिक चालवतो. साप्ताहिकाचा संपादक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठी कचेरी उभी राहते. आमची कचेरी म्हणजे बाजारपेठेतला एक गाळा, दोन खुर्च्या, एक संगणक आणि मागच्या खोलीत सुतळीने बांधून ठेवलेले जुने अंक. गुरुवारी रात्री अंक छापून होतो आणि शुक्रवारी पहाटे गठ्ठे घेऊन मी एस.टी. स्टँडवर जातो. पौष महिन्यातली ती पहाट म्हणजे परीक्षाच असते. कानटोपी, मफलर, वरून घोंगडी घेतली तरी बोटे वाकत नाहीत. गठ्ठ्यावर गावाचे नाव लिहायचे तर आधी हात शेकोटीवर धरावा लागतो.

स्टँडवरचा चहावाला एकदा म्हणाला, "काय भाऊ, या आठवड्याला काय विशेष?"

मी म्हटले, "विशेष काही नाही. थंडी पडलीय, तीच पहिल्या पानावर घेतलीय."

तो हसला. "थंडीची काय बातमी करता? ती काय सगळ्यांनाच वाजते!"

त्याचे बोलणे वरवर पाहता खरेच होते. पण त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. थंडी ही बातमी असते का? गावची बातमी म्हणजे नेमके काय? आणि ती कोणी लिहून ठेवली नाही तर काय बिघडते? आज या प्रश्नांचे उत्तर मी आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात शोधणार आहे.

आपली मराठी वृत्तपत्रे आणि थंडी यांचा एक गमतीचा योग आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला तो ६ जानेवारी १८३२ रोजी. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो, आणि तालुक्याच्या गावी या दिवशी जो सत्कार होतो त्यात हाराबरोबर शालही हवीहवीशी वाटते. सत्यशोधक विचारांचे पहिले वृत्तपत्र 'दीनबंधू' निघाले तेही १ जानेवारी १८७७ रोजी, पुण्यात. आणि ज्याच्याविषयी आज मला मुख्यतः बोलायचे आहे, तो आपल्या नेवासे तालुक्यातला 'दीनमित्र' सुरू झाला १९१० च्या नोव्हेंबरात. तिन्ही पत्रे थंडीच्या दिवसांत जन्मली हा योगायोगच. पण यातल्या दोघांच्या जन्मामागे खेड्यातली हलाखी होती, आणि तो मात्र योगायोग नव्हे.

वृत्तपत्रांच्या बाबतीत नगर कधीच मागे नव्हते. 'दर्पण' निघाल्यावर दहाच वर्षांनी, जून १८४२ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केला. रेव्हरंड हेन्री बॅलेंटाईन हे त्याचे पहिले संपादक. पुढे हे पत्र मुंबईला गेले, पण त्याचा जन्म नगरचा. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होताच. त्याबरोबर ग्रहतारे, भूगोल, नवी यंत्रे अशा विषयांवरचा मजकूरही त्यात येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'न्यायसिंधु', 'जगदादर्श' अशी पत्रेही नगरमधून निघाली. त्यांचा खप थोडा, कागद सुमार. तरी सरकार ती वाचत होते. १८६८ पासून मुंबई सरकारच्या कचेरीत एक पद्धत सुरू झाली. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांत काय छापून येते याचा गोषवारा दर आठवड्याला इंग्रजीत तयार व्हायचा आणि साहेबाच्या टेबलावर जायचा. म्हणजे नगरसारख्या गावात छापलेल्या चार ओळी मुंबईच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचू शकत होत्या. अर्थात त्या आधी कोणीतरी छापायला हव्यात!

याच काळात, १८८४ साली, सरकारने आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर काढले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तो सतरावा खंड. नगरची हवा, जमीन, पिके, दुष्काळ यांची त्यात भरपूर माहिती आहे. आजही संशोधक पहिल्यांदा तेच पुस्तक उघडतात, आणि ते उपयोगाचे आहेही. पण ते लिहिले अधिकाऱ्यांनी, अधिकाऱ्यांसाठी. सारा किती, पाऊस किती, रस्ते किती, हे त्यात सापडते. कोणाच्या घरात त्या वर्षी पांघरूण नव्हते, हे त्यात सापडणार नाही. तो प्रश्न विचारणे गॅझेटियरचे कामच नव्हते.

मग ते काम कोणाचे? याचे उत्तर १८७६-७७ च्या हिवाळ्यात मिळू लागले. १८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला. नगर, पुणे, सोलापूर या भागांत खरीप गेले आणि जमिनीत ओलच नसल्यामुळे रब्बीची ज्वारीही गेली. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला लागले. दौंड-मनमाड हा आपल्या जिल्ह्यातून जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तो याच दुष्काळाच्या काळातला. १८७७ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत, सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली. उपाशी माणसांनी कामावर जायचे नाकारले. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने एक मोलाचे काम केले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने तालुक्या-तालुक्यांतून माणसांकडून हकिगती मागवल्या, त्या एकत्र केल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. कोणत्या गावी विहिरी आटल्या, कोणत्या गावची माणसे उठून गेली, हे त्यामुळे कागदावर आले. आजच्या भाषेत त्याला आपण स्थानिक बातम्याच म्हणू.

आणि त्याच जानेवारीत कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' सुरू केला. भालेकर हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे. शेतकरी, कारागीर, मजूर यांचे म्हणणे मांडणारे पत्र त्यांना हवे होते. पैशाची चणचण कायमचीच होती. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू' मुंबईला नेला आणि गिरणी कामगारांमध्ये रुजवला. लोखंड्यांचे काम मोठेच. पण त्यामुळे खेड्यांसाठी निघालेले पत्र शहरात गेले, हेही खरे.

ते पत्र पुन्हा खेड्यात आणले भालेकरांच्याच मुलाने. त्यांचे नाव मुकुंदराव. जन्म १८८५ चा. नेवासे तालुक्यात कुकाण्याजवळ तरवडी नावाचे गाव आहे. तिथल्या पाटील घराण्यात ते दत्तक गेले आणि मुकुंदराव पाटील झाले. त्या घरातही वृत्तपत्राचा वारसा होता. गणपतराव सखाराम पाटील यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'दीनमित्र' नावाचे मासिक चालवले होते. ते बंद पडले होते. १९१० साली भालेकर गेले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुकुंदरावांनी 'दीनमित्र' नव्याने सुरू केला. जन्मदात्या वडिलांचे काम आणि दत्तक घराण्यातल्या पत्राचे नाव असे दोन्ही वारसे त्यांनी एकत्र बांधले. सुरुवात सोमठाण्याला झाली, पुढे तरवडी हेच 'दीनमित्र'चे गाव झाले.

श्रोतेहो, १९१० साली एका खेड्यातून वृत्तपत्र काढणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना करू या. वीज नाही. पक्का रस्ता नाही. कागद आणि शाई बाहेरून आणायची, ती बैलगाडीने. अंक टपालाने जाणार, म्हणजे टपालाची वेळ सांभाळायची. मी या धंद्यात आलो तेव्हा आमच्याकडे पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र होते आणि शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करावा लागे, म्हणून हिवाळ्यातल्या छपाईचे हाल मला ठाऊक आहेत. थंडीत शाई थिजते. ती रुळावर नीट पसरत नाही, अक्षर कुठे गडद तर कुठे पुसट उठते. आम्ही शाईचा डबा शेगडीजवळ ठेवायचो. सरसाचे रूळ गारठ्याने कडक व्हायचे. खिळे जुळवणाऱ्याची बोटे बधिर झाली की 'क' च्या घरात 'फ' जायचा आणि मग मुद्रिते तपासणाऱ्याच्या नावाने ओरड व्हायची. हे तालुक्याच्या गावी, १९८० च्या पुढे. तर सत्तर वर्षे आधी खेड्यातल्या पत्राचे काय होत असेल!

तरी 'दीनमित्र' चालला. थोडाथोडका नव्हे, १९१० पासून १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे. या काळात दोन महायुद्धे झाली. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली आणि तिने हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. देश स्वतंत्र झाला, महाराष्ट्र राज्य झाले. मोठमोठ्या शहरांतली भांडवलदार पत्रे या काळात बंद पडली, आणि तरवडीचे पत्र चालू राहिले.

का चालू राहिले? मला वाटते, त्याला कारण मुकुंदरावांची एक जाणीव होती. गावात सत्ता कोणाची असते, हे त्यांनी फार बारकाईने पाहिले होते. १९१३ साली त्यांनी 'कुळकर्णीलीलामृत' हे पुस्तक लिहिले. जुन्या पोथीच्या धर्तीवर, ओवीबद्ध. पोथीत देवाच्या लीला असतात, इथे गावच्या वतनदार कुळकर्ण्याच्या लीला होत्या. पुढे 'शेटजीप्रताप' लिहिले, त्यात सावकाराचे प्रताप आले. ही पुस्तके त्या काळी खूप गाजली, त्यांवर वादही झाले. आज त्यातला जातीजातींमधला संघर्ष आपण तटस्थपणे वाचू शकतो. पण त्यामागचा एक मुद्दा अजूनही जुना झालेला नाही. गावचे दप्तर ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव. कोणाची जमीन किती, कोणी सारा भरला, कोणाचे पीक किती आणे आले, हे लिहिणारा एकच आणि वाचू शकणाराही जवळजवळ तोच. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा उठवायचा. पीक बुडाले असे शेतकऱ्याने कितीही सांगितले तरी कागदावर 'पीक बरे' असले की ते बरेच असायचे. कुळकर्णी वतने मुंबई राज्यात कायद्याने गेली ती १९५० च्या कायद्याने. तोवर आणि त्यानंतरही, गावाचे म्हणणे मांडणारे दुसरे दप्तर म्हणजे 'दीनमित्र' होता. सरकारी दप्तरात जे येत नाही ते इथे येऊ शकत होते, आणि तेही शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत. खेड्यातल्या पत्राची खरी ताकद ही. ते दुसरे दप्तर असते.

आता यात थंडीचा संबंध कुठे आला, असे आपण विचाराल. तिकडेच येतो.

थंडीचेही एक सरकारी दप्तर असते. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय बरीच वर्षे सिमल्याला होते. १९२८ मध्ये ते पुण्याला आले. पुण्याच्या शिवाजीनगरातल्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते यामुळे. या खात्याने फार मोठे काम केले आहे, याबद्दल शंका नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे आज कोणीही सांगू शकतो, कारण ते कोणीतरी त्या पहाटे उठून, तापमापक पाहून, लिहून ठेवले. दर वर्षी थंडी वाढली की वर्तमानपत्रांत तो आकडा पुन्हा छापून येतो. पण त्या पहाटे पुण्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत काय झाले? कोणाचा गहू साधला, कोणाचा हरभरा करपला, उघड्यावर कोण काकडले? ते त्या आकड्यात नाही.

आणि यात हवामान खात्याची चूक नाही, हे मी मुद्दाम सांगतो. उलट, ही अडचण शास्त्रज्ञांनीच पहिल्यांदा दाखवून दिली. १९३२ साली पुण्यात शेतीसाठीच्या हवामानशास्त्राचा वेगळा विभाग सुरू झाला. डॉ. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख होते. वेधशाळेतले तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या लाकडी पेटीत टांगलेले असतात. रामदासांनी विचार केला की पीक काही चार फुटांवर नसते, ते जमिनीलगत असते. तेव्हा जमिनीजवळच्या हवेचे तापमान निरनिराळ्या उंचीवर मोजून पाहिले पाहिजे. तोवर सर्वांची समजूत अशी की, निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री सगळ्यांत गार हवा अगदी जमिनीला टेकून असते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना वेगळेच दिसले. उघड्या जमिनीवर, शांत रात्री, सर्वांत गार हवा मातीला चिकटून नसते. ती जमिनीपासून वीत-हातभर उंचीवर असते. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे बरीच वर्षे पटेना. मोजण्यात काही चूक असेल, असे म्हटले गेले. पुढे अनेकांनी मोजून पाहिले आणि ते मान्य झाले. आज या थराला जगभर रामदासांच्याच नावाने ओळखतात.

याचा अर्थ समजून घ्या. वेधशाळेच्या पेटीत जी थंडी मोजली जाते, तीच थंडी वितीभर उंचीच्या रोपाला वाजते असे नाही. शिवाय गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साठते. त्यामुळे ओढ्याकाठच्या रानात दहिवर पडते आणि माळावरच्या रानात पडत नाही. एकाच गावात, एकाच रात्री. आपला जिल्हा पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर. हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. म्हणून इथे दिवसा ऊन चटकते आणि पहाटे हुडहुडी भरते. आणि म्हणूनच चहावाल्याचे म्हणणे पुरते खरे नाही. थंडी सगळ्यांना वाजते, पण सारखी वाजत नाही. कोणाला किती वाजली हे त्या त्या जागी असलेल्या माणसालाच सांगता येते.

आमच्या भागात थंडीची बातमी शहरापेक्षा वेगळी असते, तीही यामुळेच. शहरातले पत्र लिहिते, 'गारठा वाढला, स्वेटरच्या दुकानांत गर्दी'. आमच्या शेतकऱ्याला थंडी हवी असते. बऱ्यापैकी थंडी पडली तर गव्हाला फुटवे येतात, हरभरा भरतो. उलट पौषात आभाळ आले, ऊब वाढली, की ज्वारीवर मावा आणि चिकटा पडतो, हरभऱ्यावर घाटेअळी येते. तेव्हा 'थंडी गायब' ही वाईट बातमी. पण तीच थंडी ज्वारी निसवताना फारच उतरली तर कणसात दाणा भरत नाही. हुरड्याचे दिवस आले म्हणून पुण्याचे पाहुणे येतात, शेकोटीभोवती गुळभेंडी खातात, थंडीचे कौतुक करतात. त्याच वेळी शेजारच्या बांधावर कोणीतरी करपलेला हरभरा हातात घेऊन उभा असतो. दोघांची थंडी एकच, बातमी दोन.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची हकिगत. आमच्या तालुक्यातल्या एका लहान गावी एक निवृत्त गुरुजी राहायचे. ते आमचे वार्ताहर होते. वार्ताहर म्हणजे काय, तर दर आठवड्याला एक पोस्टकार्ड. पगार नाही, मानधन नाही, फक्त अंक मोफत. हिवाळ्यात त्यांच्या कार्डावर थंडीचे वर्णन हमखास असायचे. 'आज पहाटे घंगाळातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ दिसला.' 'धुई दाट, दहा वाजेतो ओसरली नाही.' आम्ही कचेरीत हसायचो. गुरुजींनी वेधशाळाच काढली म्हणायचो.

एका जानेवारीत त्यांचे कार्ड आले. ओढ्याच्या खालच्या अंगाला दहा-बारा शेतकऱ्यांचा हरभरा फुलोऱ्यात असताना एका रात्रीत काळा पडला, असे त्यात दोन ओळीत होते. गटनंबरही दिले होते. त्या आठवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात आली. पानात जागा उरली नाही. मी गुरुजींचे कार्ड बाजूला ठेवले. म्हटले, थंडीचे काय, ती पुढच्या आठवड्यातही असेल. पुढच्या आठवड्यात ते राहूनच गेले.

दीड-दोन महिन्यांनी गुरुजी स्वतः आले. बरोबर तीन शेतकरी होते. ते एका कचेरीत नुकसानीचे सांगायला गेले होते. तिथे त्यांना दोन उत्तरे मिळाली. एक, त्या रात्री एवढी थंडी पडल्याची नोंद नाही. दोन, अर्जात दुष्काळ, पूर, आग, गारपीट यांचे रकाने आहेत, थंडीचा रकाना नाही. मग तिथल्याच कोणीतरी सहज विचारले, पेपरात तरी आले होते का? म्हणून ते अंक मागायला आले होते.

मी गुरुजींना खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "संपादकसाहेब, तुम्ही छापलं असतं म्हणून पैसे मिळालेच असते असं नाही. पण थंडी पडलीच नव्हती, असं तरी कोणी म्हटलं नसतं."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. सरकारी अर्जात थंडीला रकाना नव्हता हे खरे. पण माझ्या हातात आठ पाने भरून रकाने होते, आणि मीही तिला एक दिला नाही.

पुढे २०१२ साली केंद्र सरकारने शीतलहर आणि दहिवर यांचा मदतीस पात्र नैसर्गिक आपत्तींच्या यादीत समावेश केला. म्हणजे थंडीला अखेर रकाना मिळाला. ही चांगली गोष्ट झाली. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा दोन अंशांच्याही खाली गेला. द्राक्षबागा वाचवायला शेतकऱ्यांनी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवल्या, त्याच्या बातम्या आणि फोटो सगळीकडे आले. द्राक्षाला भाव आहे, त्यामागे संघटना आहे, म्हणून त्याची थंडी दिसली. दिसलीच पाहिजे. पण रकाना झाला तरी तो भरायला नोंद लागते, आणि नोंद करायला जागेवर माणूस लागतो.

आपल्या जिल्ह्यातली आणखी एक थंडी आहे, तिला अजून रकाना नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या जिल्ह्याचा हिवाळाच बदलला. धरणे झाली, कालवे आले, जिरायती रानात ऊस उभा राहिला. आता दिवाळी सरली की बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या कोप्या घालून उघड्या रानात राहतात. पहाटे चार-पाचला बायामाणसे दवाने भिजलेल्या उसात कोयता घेऊन शिरतात. पात्यावरचे पाणी अंगावर पडते, अंगावरचे लुगडे ओले होते, आणि ऊन वर येईपर्यंत ते तसेच असते. तान्ही मुले कोपीत पाचटावर निजवलेली असतात. जिल्ह्याचे किमान तापमान रोज छापून येते. त्या कोपीतले तापमान कोणी मोजत नाही. मुकुंदराव आज असते तर त्यांनी पहिल्यांदा त्या कोपीकडे पाहिले असते, असे मला वाटते.

आज मोबाईलवर हवेचा अंदाज तासातासाला येतो. तो येऊ द्या, त्याचा उपयोग होतो. हवामान खात्याने १९४५ पासून रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू केली होती, त्याचाच तो पुढचा टप्पा. पण अंदाज उद्याचा असतो. काल काय झाले, ते मोबाईलवर आठवडाभरसुद्धा टिकत नाही. फोटो येतो, लोक हळहळतात, दुसरा फोटो येतो. दहा वर्षांनी कोणी विचारले की त्या हिवाळ्यात आमच्या गावी काय झाले होते, तर दाखवायला काय आहे? पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला का होईना, छापील अंक दाखवता येतो. त्यावर तारीख असते, संपादकाचे नाव असते, कोणीतरी जबाबदारी घेतलेली असते.

म्हणून जाता जाता दोन विनंत्या. माझ्यासारख्या लहान पत्रांच्या संपादकांना पहिली. जागा कमी पडली तर आपला अग्रलेख कापा, पण गावच्या पोस्टकार्डातल्या, किंवा आता मोबाईलवर आलेल्या, त्या दोन ओळी कापू नका. दुसरी विनंती आपणा सर्वांना. जुन्या ट्रंकेत, माळ्यावर, शाळेच्या कपाटात स्थानिक पत्रांचे अंक असतील तर ते रद्दीत घालण्याआधी एकदा पाहा. जवळच्या वाचनालयात द्या. माझे स्वतःचे पहिल्या सहा वर्षांचे अंक वाळवीने खाल्ले. त्या सहा वर्षांचे माझे गाव आता कुठेच छापलेले नाही.

मुकुंदराव पाटील १९६७ च्या डिसेंबरात गेले आणि त्यांच्याबरोबर 'दीनमित्र'ही थांबला. तरवडीला त्यांच्या नावाने आजही साहित्य पुरस्कार दिले जातात, लोक जमतात, त्यांची आठवण काढतात. मोठी माणसे मोठ्या शहरांतच होतात, असे मानणाऱ्यांनी एकदा ते गाव पाहून यावे.

त्या गुरुजींनाही जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचे ते पोस्टकार्ड मात्र मी जपून ठेवले आहे. यंदा पत्रकार दिनाच्या अंकात ते पहिल्या पानावर जसेच्या तसे छापले. तारीख, ओढ्याची खूण, हरभरा, सगळे. फक्त गटनंबर तेवढे गाळले. खाली एकच ओळ लिहिली : ही बातमी वेळेवर छापायची राहून गेली होती.

शुक्रवारी पहाटे चहावाल्याने शेकोटीच्या उजेडात ती वाचली. काही बोलला नाही. कपात चहा ओतला आणि म्हणाला, "भाऊ, आमच्या वस्तीवर पण परवा दव फार पडलं. लिहून घेता का?"

मी खिशातून पेन काढले.